बरा झालेला हात

अंबिका म्याकलला येणारे फोन बहुतेक वैतागलेल्या माणसांचे असत. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका दुमजली इमारतीत ‘कोठार’ नावाचा सर्व्हर होता आणि त्याच्या दाराची राखण हे तिचं काम होतं. ज्याला कोठाराने दारातूनच परत पाठवलं, तो तिला फोन करायचा.

कोठारात प्रोग्राम साठवलेले होते. दवाखान्यातली यंत्रं, पाण्याचे पंप, आंधळ्यांच्या काठ्या चालवणारे प्रोग्राम ठिकठिकाणची माणसं मिळून लिहीत आणि ते सगळं लिखाण इथे एकत्र राहायचं. कुणी कोणती ओळ बदलली, आधी ती कशी होती, सगळं जपून ठेवलेलं. आत येऊन एखाद्याने वाकडी ओळ लिहिली, तर कुठल्या तरी गावात एखादं यंत्र वाकडं चालणार. म्हणून आत कोण येतोय याची कोठार फार कडक चौकशी करायचं.

एप्रिलमधल्या एका सकाळी फोन आला तो मात्र वैतागलेल्या माणसाचा वाटला नाही.

“नमस्कार मॅडम. मिरजेहून उदय नांद्रेकर बोलतोय. कोठार मला आत घेत नाहीये.”

अंबिका खुर्चीत सावरून बसली. नांद्रेकरांचं नाव कोठारात सगळ्यांना माहीत होतं. कंपवाताच्या रुग्णांसाठी जो मनगटी पट्टा निघाला होता, त्याच्या प्रोग्रामचा गाभा नांद्रेकरांनी लिहिलेला होता. त्या गाभ्यातली एक ओळसुद्धा त्यांच्या किल्लीशिवाय बदलत नसे.

तिने नेहमीची उजळणी सुरू केली. कीबोर्ड बदललाय का? नाही, जुनाच आहे. मशीनचं घड्याळ मागेपुढे झालंय का? नाही. किल्लीची मुदत संपलीय का? तिने स्वतःच पाहिलं, दिवाळीपर्यंत होती. किल्लीची फाइल मशीनवर जागेवर होती, ती कुणी उघडायची याचे हक्कही बरोबर होते. दहापैकी नऊ तक्रारी एवढ्यातच मिटतात. ही मिटली नाही.

“पडद्यावर नेमकं काय येतंय, ते वाचून दाखवाल का सर?”

“‘किल्ली बरोबर, हात वेगळा.’”

अंबिकाचा आवाज बदलला. “सर, तुमच्याऐवजी दुसरं कुणी टाइप करतंय का?”

नांद्रेकर म्हणाले, “नाही. मीच करतोय. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यापासून मी आपलाच पट्टा लावतोय. माझा हात थरथरायचा थांबलाय.”

घरात बाळ जन्मल्याची बातमी जशी सांगतात, तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं.

पूर्वी किल्ली म्हणजे नुसता एक लांबलचक आकडा असायचा. खरं तर दोन जुळे आकडे. एक आपल्या मशीनवर लपवून ठेवायचा, दुसरा सर्व्हरच्या दारावर टांगायचा. दोघांची जोडी जुळली की दार उघडायचं. पण आकडा चोरता येतो. मग चेहऱ्याने, आवाजाने माणूस ओळखायची पद्धत आली, आणि पाठोपाठ कुणाचाही चेहरा न् आवाज हुबेहूब बनवणारी यंत्रंही घरोघरी आली. शेवटी कोठार बांधणाऱ्यांनी आकड्याला हाताची जोड दिली. प्रत्येकाची टाइप करायची एक लय असते. कोणत्या अक्षरावर बोट रेंगाळतं, कोणत्या जोडाक्षरावर धावतं, चुकल्यावर माणूस किती मागे जातो. कीबोर्डमध्ये बसवलेली एक छोटी चिप ही लय मोजायची, आणि लय पटली तरच किल्ली बाहेर काढायची. या जोडीला सगळे हातकिल्ली म्हणत.

माणसाचं वय वाढतं, बोटं मंदावतात, म्हणून हातकिल्लीसुद्धा दर वेळी केसभर सरकायची. नांद्रेकरांना कंपवात जडला, तेव्हाही ती तशीच सरकत गेली. थरथर वर्षावर्षाने वाढली आणि कोठार ती वर्षावर्षाने शिकत गेलं. पण आजार हळूहळू आला होता आणि गेला होता एका आठवड्यात. अंबिकाने पडद्यावर दोन आलेख शेजारीशेजारी लावले. जुना आलेख खडकाळ रस्त्यासारखा होता. नवा सरळ, वेगवान, मध्येच जोरदार उसळ्या घेणारा. कोठाराच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं होती.

“मला घाई का आहे ते सांगतो,” नांद्रेकर म्हणाले. “परवा दुपारी गच्चीत उन्हात बसलो होतो. हात एकदम पहिल्यापेक्षा जास्त उडायला लागला. खाली आलो, पंख्याखाली बसलो, थांबला. तेव्हा कळलं.”

पट्ट्याचं काम दोन लाटांच्या भांडणावर चालायचं. रुग्णाचा हात सेकंदाला चार-पाच वेळा थरथरतो, म्हणजे मज्जातंतूंतून एक लाट येत असते. पट्टा ती मोजतो आणि तिच्या बरोबर उलटी बारीकशी लाट सोडतो. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, हात शांत राहतो. पण घामाने कातडी ओली झाली की पट्ट्याचं मोजमाप किंचित उशिरा होतं. उलटी लाट उशिरा निघते आणि उशिरा निघालेली लाट थरथरीला अडवण्याऐवजी तिच्याच सुरात सूर मिळवते. विदर्भातून दोन महिने तक्रारी येत होत्या, दुपारी पट्टा उलटा वागतो म्हणून. खोलीत बसून कुणाला कारण सापडलं नव्हतं. नांद्रेकरांनी पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला आणि सापडलं.

“दुरुस्ती लिहून तयार आहे. पुढच्या आठवड्यात तिकडे उष्णतेची लाट सांगितलीय. आणि मी दाराबाहेर उभा आहे.”

अंबिकाने फोन ठेवला. कोठाराची राखणदार म्हणून तिच्या हातात एक सोय होती. लय जुळवण्याचा कडकपणा मिनिटभर सैल करायचा, माणूस आत घ्यायचा, पुन्हा आवळायचा. कुणाला कळलंही नसतं. पण तिने नांद्रेकरांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि एखाद्या लबाड माणसाला हजारो रुग्णांच्या मनगटात शिरायचं असेल, तर तो याहून गोड कहाणी कोणती सांगेल? आजारी माणूस बरा झाला, म्हणून त्याला ओळखू येईना. तिला ती कहाणी इतकी खरी असावीशी वाटत होती, की त्याचीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मिरजेची गाडी पकडली.

*

नांद्रेकरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या पत्नीने, शैलजाकाकूंनी उघडलं. आत एक उंच, सडपातळ माणूस दोन्ही हातांत चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

“बसा,” काकू म्हणाल्या. “आठ दिवस घरात चहा हेच आणतात. कुणाला हात लावू देत नाहीत.”

नांद्रेकरांनी ट्रे ठेवला. बशीत थेंब सांडला नव्हता. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग अंबिकाकडे, आणि तिनेही ते पाहिलं याची खात्री करून घेतली.

चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. “मी रात्रभर विचार केला. सोपा उपाय आहे. पट्टा काढतो. हात पुन्हा थरथरेल. कोठाराला तोच हात हवाय ना? आत जातो, दुरुस्ती टाकतो, पट्टा परत बांधतो.”

“आणि उद्या परत आत जायचं असलं तर?” काकूंनी विचारलं.

“उद्या परत काढीन.”

“म्हणजे रोज कामाला बसायचं झालं, की आधी आजारी पडायचं.” काकू उठून खिडकीशी गेल्या. “करा. मी तिकडे बघणार नाही.”

अंबिकालाही ते बघवेना, पण बघणं भाग होतं. नांद्रेकरांनी पट्टा सोडला. थोड्या वेळाने अंगठा हलायला लागला, मग पंजा. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवले आणि नाव टाइप करायला सुरुवात केली. पडद्यावर उत्तर आलं. हात वेगळा. पुन्हा केलं, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी अंबिकाने आलेख उघडून पाहिला आणि तिच्या लक्षात आलं. थरथर परत आली होती, पण तिच्याखालची बोटं बदलली होती. इतकी वर्षं ती बोटं चुकायच्या भीतीने जपून, अडखळत चालायची. आठवडाभर मोकळी सुटल्यावर भीती विसरली होती.

“सर, बांधा तो पट्टा,” ती म्हणाली. “तुम्ही परत तसे आजारी होऊ शकत नाही. जमतच नाहीये तुम्हाला.”

खिडकीशी उभ्या असलेल्या काकू हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि येऊन नवऱ्याच्या मनगटाला पट्टा स्वतः बांधला.

आता एकच वाट उरली होती. जुनी किल्ली रद्द करून नवी द्यायची. त्यासाठी कोठाराचा नियम स्पष्ट होता. ओळखपत्रं चालणार नाहीत, कारण कागद छापता येतो. पडद्यावरून साक्ष चालणार नाही, कारण चेहरा बनवता येतो. राखणदाराच्या समोर, त्याच खोलीत, हातकिल्ल्या येण्याच्याही आधीपासून त्या माणसाबरोबर काम केलेल्या जुन्या सहकाऱ्याने त्याला ओळखायचं.

“असे कोण आहेत?” अंबिकाने विचारलं.

नांद्रेकर चहाचे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागले. काकूच म्हणाल्या, “एकच आहेत. लातूरचे बालाजी बिराजदार. दोघांनी मिळून पट्टा सुरू केला. सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.”

सहा वर्षांपूर्वी पट्ट्यावर काम करणाऱ्या सगळ्यांच्या बैठकीत बिराजदार उभे राहून म्हणाले होते, की उदयचा हात थरथरतो, त्याच्या चुका वाढल्यात, गाभ्याची किल्ली एकट्याच्या हातात ठेवू नका. तोवर नांद्रेकरांनी आजाराची गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. चारचौघांना ती अशी कळली. ते तिथून उठून आले. किल्ली त्यांनी सोडली नाही, बिराजदारांनी काम सोडलं.

“तो यायचा नाही,” नांद्रेकर म्हणाले. “आणि मी बोलावणार नाही.”

“तुम्ही नका बोलावू,” अंबिका म्हणाली. “मी बोलावते. ते माझं कामच आहे.”

तिने गॅलरीत जाऊन फोन लावला. पलीकडचा आवाज जाडाभरडा होता. बिराजदारांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे शेवटी किल्लीपायी माझी आठवण झाली म्हणा की त्याला,” ते म्हणाले.

“त्यांना नाही झाली, सर. ते नकोच म्हणतायत. आठवण मला झालीय, पट्ट्यापायी.”

“दुपारी उलटं चालायलंय, ते घामामुळं?”

“हो.”

“घाम,” बिराजदार स्वतःशीच म्हणाले. “आपल्याला कसं सुचलं नाही ते.” मग त्यांनी विचारलं, “बाई, एक सांगा. त्याचा हात खरंच थांबलाय? तुम्ही डोळ्यानं बघितलात?”

“आत्ताच त्यांच्या हातचा चहा प्यायले.”

“उद्याच्या गाडीनं निघतो,” ते म्हणाले.

*

बिराजदार दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. बुटके, रुंद खांद्यांचे, हातात एकच पिशवी. दारात चपला काढताना त्यांनी काकूंना नमस्कार केला आणि अंबिकाकडे पाहून मान हलवली. नांद्रेकर टेबलाशी बसले होते, ते उठले नाहीत. बिराजदारांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“ओळखायचं म्हणजे काय करायचं?” त्यांनी अंबिकाला विचारलं. “तोंड बघून मी सांगीन हा उदय म्हणून. त्यावर तुमचा विश्वास बसंल?”

“माझा बसेल. पण सर, सहा वर्षांत तोंड बदलतं. तुम्हाला खात्री वाटेल अशा कोणत्याही रीतीने ओळखा. किल्ली देण्याआधी मला तुमची खात्री बघायचीय.”

बिराजदारांनी थोडा विचार केला. मग खोलीतली एक खुर्ची उचलली, टेबलाकडे पाठ करून ठेवली आणि तीत बसले.

“पुण्यात आमची खोली एवढीशी होती. टेबलं पाठीला पाठ लावून. नऊ वर्षं मी याला बघितलं कमी आणि ऐकलं जास्त. तुम्ही असं करा. कीबोर्डवर कुणीही बसा. कोण बसलंय ते मला सांगू नका.”

अंबिकाला ते पटलं. पहिल्यांदा तीच बसली आणि तिने चार ओळी लिहिल्या.

“हे तुम्ही,” बिराजदार म्हणाले. “हापिसातला हात आहे. चुकतच नाही.”

मग तिने खुणेने काकूंना बसवलं. काकूंनी एकेक अक्षर शोधून दाबलं.

“वहिनी, पालेभाजी निवडल्यासारखं टाइप करायलात.”

काकूंनी तोंडावर हात धरला. त्या उठल्या आणि नांद्रेकर त्यांच्या जागी बसले. त्यांनी पट्टा नीट केला, बोटं टेकवली आणि लिहायला लागले. आधी सावकाश, मग वेगात. अंगठा स्पेसच्या कळीवर असा पडत होता, की टेबलावरचा पेला दर शब्दाला किणकिणत होता. मध्येच ते अडले, तीनदा मागे गेले, क्षणभर थांबले आणि पुन्हा सुटले.

अंबिका बिराजदारांच्या समोर येऊन उभी राहिली. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित तिरकी करून ते ऐकत होते.

“आत्ता ‘र’ चुकला याचा,” ते हळूच म्हणाले. “‘र’ नेहमीच चुकतो. चुकला की तीनदा मागं जातो, एकदा गेलं तरी पुरतंय, पण नाही. मग बसून स्वतःवर चिडतो. आता चिडला होता बघा.” त्यांनी डोळे उघडले. “आजार आला तोवर आम्ही आपापल्या गावी गेलो होतो, त्यानंतरचा याचा हात मी कधी ऐकला नाही, बाई. हा आधीचा हात आहे. पुण्यातला. हा उदय आहे, लिहून घ्या.”

मागचा आवाज थांबला होता. नांद्रेकर दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले होते.

“बाळ्या,” ते म्हणाले, “तू त्या दिवशी खरं बोलला होतास.”

“खरं होतं. पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुला बाजूला घेऊन बोलायचं होतं.” बिराजदारांनी खुर्ची फिरवली आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा मित्राकडे नीट पाहिलं. “हात दाखव.”

नांद्रेकरांनी हात पुढे केला. बिराजदारांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटापालटा करून पाहिला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. काकू स्वयंपाकघरात गेल्या. तिथून पोहे परतायचा आवाज यायला लागला.

नव्या किल्लीसाठी कोठाराला हात भरपूर ऐकवावा लागतो. माणसाने तासभर तरी मनात येईल ते लिहीत राहायचं असतं.

“काय लिहू?” नांद्रेकरांनी विचारलं.

“तुझी दुरुस्तीच पुन्हा लिही,” बिराजदार म्हणाले. “मला बघू दे.”

ते शेजारी खुर्ची ओढून बसले. नांद्रेकर लिहीत गेले, बिराजदार वाचत गेले. अंबिका एका बाजूला पोह्यांची बशी घेऊन नवा आलेख आकार घेताना पाहत होती. अर्धा तास झाला असेल, बिराजदारांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“थांब. घाम आला की लाट लवकर सोडायची, बरोबर. पण माणूस उन्हातून एकदम कूलरसमोर बसला तर? घाम चटकन वाळंल, आणि तुझी लाट आता फार लवकर निघंल. परत उलटंच.”

नांद्रेकरांनी पडद्याकडे पाहिलं, मग मित्राकडे. “लातूरला कूलर असतात का?”

“लातूरला कूलरच असतात. तुम्हा मिरजकरांना काय कळायचंय उन्हाळा.”

ती ओळ त्यांनी तिथेच बदलली. पट्ट्याने घाम दर क्षणी पुन्हा तपासावा, एकदा मोजून विसरू नये, असं लिहिलं. दरम्यान किल्ली तयार झाली. नांद्रेकरांनी कोठाराला नाव सांगितलं, चार शब्द टाइप केले. दार उघडलं.

दुरुस्ती आत गेली. अंबिकाने आपल्या पडद्यावर तपासण्या एकामागून एक हिरव्या होताना पाहिल्या. शेवटची हिरवी झाली, तेव्हा तिने बशी खाली ठेवली आणि ती म्हणाली, “पोचली.”

ती निघण्यापूर्वी नांद्रेकरांनी तिला आणखी एक काम सांगितलं. गाभ्याला यापुढे दोन किल्ल्या करा. दुसरी बिराजदारांच्या नावे. बिराजदार नको नको म्हणाले, पण तोवर कीबोर्ड स्वतःकडे ओढून बसलेही होते.

*

उष्णतेची लाट सांगितल्याप्रमाणे आली. वर्ध्याला चव्वेचाळीसच्या वर पारा गेला. त्या दुपारी तिथल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कोठाराच्या पत्त्यावर एक व्हिडिओ पाठवला. बाई उंबऱ्यात बसल्या होत्या, कपाळावर घाम होता, मनगटाला पट्टा होता. त्यांनी सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि पहिल्या प्रयत्नात ओवलं. मग ते खरं वाटेना म्हणून दोरा ओढून काढला आणि पुन्हा ओवला. अंबिकाने तो व्हिडिओ ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला. नांद्रेकरांना पाठवला, बिराजदारांना पाठवला, संध्याकाळी घरी आईलाही दाखवला.

सोमवारी कामावर आली तर नोंदीत लाल ओळींची रांग होती. नांद्रेकरांच्या नावावर कुणीतरी आत शिरायचा प्रयत्न करत होतं आणि कोठार त्याला परत परत हाकलत होतं. तिने घाईघाईने आलेख उघडला. अर्धी ओळ नांद्रेकरांची होती, स्पेसवर जोरदार अंगठा. पुढची अर्धी जाड, सावकाश, दुसऱ्याच कुणाची. मग पुन्हा नांद्रेकर. मग दोघांच्या कळा एकाच वेळी.

तिने मिरजेला फोन लावला. काकूंनी उचलला.

“काकू, सर कुठे आहेत? त्यांच्या मशीनवर कोण बसलंय?”

“दोघेही बसलेत,” काकू म्हणाल्या. “बालाजीभाऊजी लातूरला परत गेलेच नाहीत. त्यांचा कीबोर्ड अजून यायचाय, म्हणून एकाच कीबोर्डवर ओढाओढी चाललीय सकाळपासून. ऐक.”

त्यांनी फोन खोलीकडे धरला. अंबिकाला आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बिराजदारांचा, “अरे सरक, तुला ‘र’ येतो का आधी,” आणि त्यावर नांद्रेकरांचं मोठ्याने, खोकल्यापर्यंत गेलेलं हसणं.

“त्यांना काही सांगायचंय का?” काकूंनी विचारलं.

“आत जाताना एकानेच टाइप करा म्हणावं,” अंबिका म्हणाली. “आत गेल्यावर मग हवं तेवढं भांडा.”

“सांगते. थांबवू का त्यांना?”

“नको काकू. फोन जरा तसाच धरून ठेवा.”